नवऱ्याची सही नसेल तर?

सरकारी दवाखान्यात गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागतेच का, हा प्रश्न बायका बहुतेकदा बाकीचं बोलणं उरकून, उठता उठता विचारतात. उत्तर आधीच देते: नाही. बाई सज्ञान असेल तर सही फक्त तिची. १८ वर्षांखालची मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते.

तरीही दवाखान्यातून बायका परत पाठवल्या जातात. माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं तसंच झालं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पदरात दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पिणारं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. पाळी चुकली, आशाताईंनी ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलं. केस पेपर निघाला, सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. आणि मग, "मिस्टरांना घेऊन या. ते नसतील तर सासूला आणा."

सासूला तर त्यांना कळूच द्यायचं नव्हतं. मला म्हणाल्या, "मॅडम, मेडिकलमधनं गोळ्या आणून घेतल्या तर?"

सही मागण्याचा खरा धोका हाच. गोळ्या सुरक्षित आहेत, पण किती आठवडे झालेत आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे डॉक्टरांनी तपासल्यावर. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून जिवावर बेतू शकतं.

१९७१चा गर्भपाताचा कायदा मी त्यांना समजावला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही चालतं. कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकल्यावर ताई जरा सावरल्या.

त्यांच्याबरोबर मी वैद्यकीय अधीक्षकांना भेटले. संमतीचा 'फॉर्म सी' समोर ठेवला. त्यावर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. कर्मचाऱ्यांची भीती मला कळते. उद्या नातेवाईक येऊन गोंधळ घालतील, गर्भलिंगनिदानाचा संशय येईल. पण सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतच नाही, आणि नवऱ्याच्या सहीने डॉक्टरांना कायद्याचं जादा संरक्षणही मिळत नाही. अधीक्षकांनी ते मान्य केलं.

मग सिस्टर म्हणाल्या, तांबी बसवणार असाल तरच. हीसुद्धा कायद्यात नसलेली अट. तांबी चांगलीच आहे, पण ती गर्भपाताची किंमत म्हणून बसवायची नसते. ताईंनी "नंतर ठरवते" एवढंच सांगितलं, आणि त्यांना गोळ्या मिळाल्या. पुढच्या तपासणीला त्या स्वतःहून आल्या, अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनची चौकशी करत.

तुम्हाला कुणी परत पाठवलं, तर नकाराचं कारण केस पेपरवर लिहून मागा. बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर वैद्यकीय अधीक्षक, त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. पण आठवडे मोजत राहा: गोळ्यांनी गर्भपात साधारण नऊ आठवड्यांपर्यंतच करतात, त्यानंतर पिशवी साफ करावी लागते आणि ती सोय प्रत्येक सरकारी दवाखान्यात नसते.