पूरसंरक्षण आणि निचऱ्याच्या कामात स्थानिक लोकांना सहभागी करून घेतल्याने खरंच फरक पडतो का? सुरुवात कुठून करावी?

पडतो. पण ‘सहभागी करून घेणे’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. जमीन आमची, पाणी शिरतं आमच्या घरात, आणि आम्हाला करून घेणार दुसरंच कुणीतरी!

आमच्या नदीला पूरबांध घालायचा ठरला तेव्हा रीतसर बैठक झाली होती. भिंतीवर नकाशा, सह्यांचा कागद, सगळं होतं. मी उभं राहून एकच विचारलं : नदीचं पाणी बांधाबाहेर राहील हे समजलं, पण ओढ्याचं आतलं पाणी जाणार कुठून? उत्तर आलं, “तिथं मोरी ठेवलीय, मोरीला झडप आहे.” शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या चुलतभावानं कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, “बस खाली. त्यांना कळतं.” या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ते कोपर अजून दुखतंय.

मोरीची झडप वरच्या बिजागरीवर लोंबते. आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडते, नदी चढली की मिटते. म्हणजे ऐन पुरात ओढ्याला वाट बंद. अशा वेळी ते पाणी थांबायला आत सखल जागा हवी, नाहीतर उपसायला पंप हवा. पंप नव्हताच. जागा होती. ओढ्याकाठची पट्टी दर पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून तिथं कुणी काही करत नसे. बांध झाल्यावर दुसऱ्याच वर्षी चुलतभावानं तिथं मुरूम टाकून ती सपाट केली. “आता बांध आहे की,” म्हणाला. बांधाचा हा धोका कुठल्याच नकाशावर दिसत नाही. तो पाण्याला अडवतो तेवढाच माणसांना निर्धास्त करतो.

तिसऱ्या पावसाळ्यात झडपेत ओंडका अडकला. झडप मिटलीच नाही आणि नदी मोरीतून उलटी आत आली. बांध शाबूत, त्याच्यावर उभं राहून आम्ही आपापली घरं बुडताना बघतोय. नदी उतरली, पण मोरी गाळानं चोंदलेली, त्यामुळे आतलं पाणी नऊ दिवस हललं नाही. पिकाचं सांगत नाही, मुळं कुजायला एवढे दिवस लागत नाहीत.

नंतर कळलं ते जास्त लागलं. गुरं चारणाऱ्या एका पोरानं तो ओंडका दोन दिवस आधी पाहिला होता. त्यानं घरी सांगितलं, घरच्यांनी ‘बरं’ म्हटलं, संपलं. पुढं सांगायला माणूसच नव्हता. बांधणारे म्हणत होते आम्ही काम हस्तांतरित केलं, घेणारे म्हणत होते आमच्याकडे कागद नाही. झडप कुणाचीच नव्हती.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच : त्या पोराचा शब्द ज्याच्यापर्यंत पोचायला हवा तो माणूस ठरलेला असणं, हाच सहभाग. बाकी सह्या.

चुलतभावाचा आवडता मुद्दा हॉलंडचा. “तिकडे बघ कसे बांध घालतात, लोकांना विचारत बसतात का?” विचारतात. नुसतं विचारत नाहीत, बांध आणि निचरा सांभाळणारी तिथली जलमंडळं निवडणुकीनं बनतात आणि स्वतःचा कर लावतात. ऱ्हाइनलांटच्या मंडळाची सनद १२५५ सालची आहे. ओव्हरडीप नावाच्या भागात नदीला पसरायला जागा द्यायची ठरली, तेव्हा बांधाची उंची कमी करून गोठे-घरं मातीच्या उंच टेकाडांवर न्यायची योजना तिथल्या शेतकऱ्यांनीच मांडली. आणि लोकांना न विचारता नुसते बांध वाढवत गेलं की काय होतं, ते बिहारात दिसतं : १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला १६० किलोमीटर बांध होते, ते तीन हजारांच्या वर गेले. पूरप्रवण क्षेत्र मात्र २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाखांच्या वर. सगळा दोष बांधांचा नाही, मान्य. पण बांधाआड तुंबलेलं पाणी तिथं किती जमीन खातं ते विचारा.

बांगलादेशच्या नैऋत्य भागात १९६०च्या दशकात परदेशी मदतीनं बांध झाले. भरतीचा गाळ शेतात पसरायचा थांबला, नदीतच साचला, नदीचा तळ उचलला गेला आणि पावसाचं पाणी आत कोंडलं. तिकडे सखल पाणथळ भागाला ‘बिल’ म्हणतात. १९९० मध्ये बिल डाकातियात आणि १९९७ मध्ये बिल भायन्यात लोकांनीच बांध फोडून भरती आत घेतली. बिल भायन्यात गाळानं जमीन उंचावली आणि नदी मोकळी झाली. परदेशी मदतीचे बांध येण्याआधी त्यांच्या आजोबा-पणजोबांचे बांध आठच महिने टिकायचे, पावसाळ्यात मोडायचे. त्यांना अडाणी म्हणणारे इंजिनियर नंतर भरती आत घेण्याची हीच पद्धत योजनेत घालून मोकळे झाले.

सुरुवात कशी करायची? समिती नंतर करा, आधी चाला. पावसाळ्यापूर्वी बांध आणि ओढा पायी पालथा घाला. घुशींची बिळं, बांधावर वाढलेली झाडं (मेलेल्या झाडाची मुळं कुजली की आत पोकळी राहते), चेपलेल्या मोऱ्या, अडलेल्या झडपा बघा. काढलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत येतो. पुरात कोरड्या बाजूला पाझर दिसला तर पाणी नितळ आहे की गढूळ ते बघा. गढूळ असेल तर बांधाची माती वाहून चाललीय, त्याच क्षणी वर कळवा. पाझराचं तोंड दाबू नका, भोवती पोत्यांचं कडं करून पाणी आत थोडं चढू द्या, म्हणजे जोर कमी होतो. आमच्याकडे आता चौदा जण ही गस्त घालतात आणि झडपेचं नाव एका माणसाच्या नावापुढं लिहिलेलं आहे. तो गुरं चारणारा पोरगाच, आता मोठा झालाय.

एक राहिलं. बांगलादेशचं वाचून रात्रीतून फावडी घेऊन निघू नका, तुमचा सुटलेला लोंढा खालच्या वस्तीवर जातो. बांधाची उंची, धरणातून सोडायचं पाणी ही कामं हिशेबाचीच आहेत, ती चौदा माणसांच्या गस्तीनं होत नाहीत. आणि बैठकीत आवाज जमीनवाल्यांचाच चढतो. सगळ्यात आधी ज्याचं घर बुडतं त्याच्या नावावर बहुतेक वेळा एक गुंठाही नसतो. आमच्याही गस्तीच्या यादीत हे उशिरा सुधारलं.

ओढ्याकाठचा मुरूम मात्र अजून तसाच आहे. दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. या उन्हाळ्यात तेवढा काढ. ट्रॅक्टर माझा घेऊन जा, डिझेलही मीच भरतो.