भाला एकदाच सरळ करा

प्रश्न : मुलगा मँचेस्टरहून सुट्टीला येताना धातूचे २८ मिलिमीटरचे मराठा घोडेस्वार घेऊन आला. असईची लढाई टेबलावर मांडायची आमची फार दिवसांची इच्छा. पण विमानात बॅग आदळली आणि २४ पैकी ११ जणांचे भाले वाकले. एक मी पकडीने सरळ करायला गेलो, तो मुठीपासून तुटला. प्लास्टिकसारखं गरम पाण्यात बुडवून किंवा गॅसवर जरा शेकून सरळ करता येतील का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी एक विनंती. उरलेल्या दहा भाल्यांना आज हात लावू नका आणि गॅसच्या जवळ तर मुळीच नेऊ नका.

माझं माहेर हुपरीचं, घरात चांदीचं काम. वडील तार ओढायचे. दोन-चार भोकांतून ओढली की तार ताठ व्हायची, मग तिला तापवून ताव द्यायचा, मऊ झाली की पुन्हा ओढायची. हे पाहतच मी वाढले. लग्नानंतर नॉटिंगहॅमला आले. इथे या छोट्या सैनिकांचे इतके कारखाने आहेत की खेळणारे लोक या भागाला ‘लेड बेल्ट’ म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा. त्यातल्याच एका छोट्या कारखान्यात ओतीव सैनिक साफ करायचं काम मला मिळालं. पहिल्याच महिन्यात वाकड्या तलवारीचा एक शिपाई घरी आणला आणि माहेरच्या सवयीने तलवारीखाली मेणबत्ती धरली. तलवार लाल झाली नाही, रंग बदलला नाही, काही नाही. एकदम तिचा मणी झाला आणि टपकन ओट्यावर पडला. चांदी वितळते ९६१ अंश सेल्सिअसला, शिसं ३२७ ला, कथील २३२ ला. शिसं आणि कथील एकत्र असलं तर वितळणं १८३ अंशांपासूनच सुरू होतं. ज्योत हजाराच्या वर असते. एवढ्याशा पात्याला तिथे वेळच मिळत नाही.

शिवाय या धातूला ताव लागतही नाही. शिसं वाकवलं तरी चांदीसारखं ताठ होऊन बसत नाही, खोलीतल्या उबेतच त्याचे कण पुन्हा जागा घेतात. अडचण होते ती त्यात घातलेल्या अँटिमनी नावाच्या ठिसूळ मूलद्रव्याची. अँटिमनीमुळे नक्षी ठसठशीत उठते, सैनिक टणक होतो, पण त्याच मानाने ठिसूळही होतो. म्हणून सरळ करण्याआधी आपल्या हातात कोणता धातू आहे ते ओळखा.

सैनिकाच्या तळाखाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, सुईने एक ओरखडा काढा आणि तो भाग पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं भरपूर आहे. ओरखडाही आठवडाभरात काळवंडेल. हा धातू सोशिक असतो. रेघ उमटली नाही आणि ओरखडा पांढरा चकचकीत राहिला, तर कथील जास्त. कल्हईवाला भांड्यांना लावतो तेच हे कथील. ते वाकवताना कानाजवळ धरलं तर कधीकधी बारीक करकर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकल्यावर मी घाबरून हात काढून घेतला होता. ती करकर म्हणजे तडा नव्हे, कथलाचे स्फटिक वाकताना तसा आवाज होतो. तुमचे स्वार अलीकडचे असतील तर बहुतेक याच जातीचे निघतील, त्यामुळे जपून.

आता प्रत्यक्ष काम. भाल्याचं टोक धरून ओढू नका. टोकाला जोर दिला की सगळा ताण मुठीपाशी जातो, आणि तुमचा भाला तिथेच तुटला. घोड्याचा तळ डाव्या हातात, भाला मुठीपाशी डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत पक्का. उजव्या अंगठ्याचं पेर भाल्याच्या बाकाच्या बरोबर खाली ठेवा आणि एक मिनिट काहीच करू नका. बोटांची ऊब धातूत उतरू द्या. मग लाटी थापताना देतो तेवढाच दाब द्या, थांबा, पुन्हा द्या. एकाच दिशेने, एकाच फेरीत. जास्त वाकला म्हणून उलटा आणायचा, पुन्हा पुढे न्यायचा, असं केलं की भाला गेलाच. शेवटचा बारीक बाक राहिला तर आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये भाला सँडविचसारखा धरा आणि त्या काड्या चिमटीत दाबा. पकडीचे दाते धातूला कधीच लागता कामा नयेत, दात्यांच्या खुणेपासूनच पुढे चीर सुरू होते.

रंगावर आडवी केसासारखी रेघ दिसली की थांबा. पातळ सुपरग्लूचा एक थेंब टाचणीच्या टोकाने तिथे सोडा आणि भाला आहे तसा राहू द्या. घोडदौडीत २४ भाले एका रेषेत कुठे असतात? किंचित कललेला भाला मला तर खरा वाटतो.

गरम पाण्याचा उपाय प्लास्टिकसाठी आणि रेझिनसाठी चांगला. रंगवलेल्या धातूच्या सैनिकाला नको. धातूला फायदा थोडा, आणि सुपरग्लूने चिकटवलेले सांधे मात्र ढिले पडतात.

तुटलेल्या भाल्याचं दुःख करू नका, तो आता इतर सगळ्यांपेक्षा मजबूत होणार आहे. राहिलेला दांडा मुठीच्या वर-खाली कापून टाका. मुठीच्या मधोमध सुईने खळगा पाडा आणि पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरायच्या हाताच्या मुठीत, ०.८ मिलिमीटरचं ड्रिल लावून बोटांनीच फिरवा. ड्रिलला आधी साबण चोळा. मऊ धातू ड्रिलच्या खाचांत भरतो आणि ड्रिल आतच मोडतं, म्हणून दर दोन वेढ्यांनी बाहेर काढून पुसायचं. यात घाई करून मी जितकी ड्रिलं मोडली तितकी बाकी कुठल्याच कामात मोडली नाहीत.

भाल्यासाठी तेवढ्याच जाडीची पितळी तार घ्या. इथे मात्र ताव द्या, कारण तार अजून सैनिकापासून लांब आहे. टोक मंद लाल करा, गार होऊ द्या, ऐरणीवर किंवा लोखंडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने चपटं करा. दोन-तीन ठोक्यांत पानासारखं पसरतं. मग बारीक कानशीने दोन्ही कडा घासून भाल्याचं फळ काढा. हे फळ पहिल्यांदा हातात येतं ना, तेव्हा ओतीव भाल्याकडे पुन्हा बघवत नाही. मी माझ्या सगळ्या स्वारांचे भाले असे बदलले. वडिलांना फोटो पाठवला तर त्यांनी घोडा पाहिला नाही, स्वार पाहिला नाही, फळाची डावी कड जाड राहिलीय एवढंच म्हणाले. खरंच राहिली होती.

तार मुठीत सरकवून आतल्या बाजूने सुपरग्लू सोडा. पितळेला आधी प्रायमर, मग रंग, नाहीतर टवके उडतात. पुढच्या प्रवासात सैनिकांच्या तळाखाली लोखंडी वॉशर चिकटवा आणि चुंबकाची शीट अंथरलेल्या डब्यात ते उभे न्या. भाल्याला कशाचाच स्पर्श नको.

प्रश्न : जुन्या बाजारात ब्रिटन्स या खेळण्यातले सैनिक बनवणाऱ्या कंपनीचे सहा शिपाई मिळाले. एकाचं डोकं निखळलंय, एकाची बंदूक वाकलीय. लाकडी कपाटात ठेवले तर त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुमचे शिपाई आतून पोकळ आहेत. या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकाम आणलं आणि १९६६ मध्ये शिशाचे सैनिक थांबवले, म्हणजे सर्वांत धाकटा शिपाईसुद्धा साठीच्या आसपासचा. पोकळ धातूचं कवच पातळ असतं, ते वाकण्याऐवजी तडकतं. बंदूक सरळ करू नका, तशीच राहू द्या. डोक्याला जुना घरगुती उपाय सर्वांत चांगला : आगकाडीचा तुकडा तासून अर्धा धडात, अर्धा डोक्यात. पोकळ सैनिक फिरवून पाहिले तर कितीतरी जणांच्या मानेत अशी काडी सापडते. कुणा मुलाच्या वडिलांनी रात्री बसून घातलेली असते. डाख देऊ नका, आणि मूळ रंगावर नवा रंग तर अजिबात नको.

ती बुरशी नाही. लाकडातून, विशेषतः ओकमधून आणि एमडीएफमधून, आम्लाची वाफ निघत राहते, शिसं ती धरतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. मास्क लावून, किंचित ओलसर कापडाने हलकेच टिपा, कापड पिशवीत बांधून वेगळं ठेवा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात द्या. शिपाई त्या कपाटातून आजच बाहेर काढा. काच आणि स्टीलचं शेल्फ उत्तम. पुठ्ठ्याचं खोकंही चालत नाही.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीला हे सैनिक दुरुस्त करायला बसायचंय. शिशाची भीती वाटते.
— एक आई, नाशिक

उत्तर : भीती रास्त आहे. रंगवलेला, वार्निश केलेला सैनिक हातात घेऊन खेळण्याने प्रश्न येत नाही, हात धुतले की झालं. धोका घासकामाच्या चुऱ्याचा आणि बोटं तोंडात जाण्याचा. म्हणून जुने सैनिक तिच्याकडे देऊ नका. शिसं नसलेल्या धातूचे सैनिक मिळतात, विकत घेताना तसं लिहिलेलं पाहून घ्या. कानस, ड्रिल आणि सुपरग्लू तुमच्या हातात, भाल्याची तार निवडणं आणि रंगवणं तिच्याकडे. खाली वर्तमानपत्र अंथरा, कानस पाण्यात भिजवून चालवा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि काम संपल्यावर कागद आतल्या बाजूला दुमडून टाका. बसायची जागा मात्र जेवणाच्या टेबलापासून लांब हवी. नऊ वर्षांची बोटं बारीक असतात, भाल्याच्या बाकाखाली अंगठा कुठे ठेवायचा ते तिला एकदा दाखवा.