सोनोग्राफीत गाठ नसताना कॅन्सरमुळे लिव्हर अचानक फेल होऊ शकतं का?

होऊ शकतं. मामांच्या सोनोग्राफीत 'लिव्हर मोठं, गाठ नाही' आलंय म्हणून घरचे बायोप्सीला नको म्हणतायत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

माझा दादा यातच गेला. दारूच्या थेंबालाही शिवला नाही कधी, तरी कावीळ दिसल्याबरोबर नातेवाईक म्हणाले, 'चोरून घेत असणार.' हिपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. काकांनी कुठूनतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, चढतच होतं. राउंडला डॉक्टर त्याला हात पुढे करून पंजे ताठ वर धरायला लावायचे. पंजे गळून खाली पडायचे, पुन्हा वर यायचे, पुन्हा पडायचे. लिव्हर बिघडल्याचा परिणाम मेंदूवर झाला की असं होतं. पुढे त्याला स्वतःची सहीसुद्धा जमेना.

लिव्हरचा भाग मी देणार होते, माझ्या तपासण्याही सुरू झाल्या होत्या. रक्त गोठत नव्हतं, पोटातून सुई घालणं धोक्याचं, म्हणून मानेच्या शिरेतून बायोप्सी केली. निघाला अँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर. हा कधीकधी गाठ न करता लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पसरतो, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. नवीन लिव्हर बसवलं तरी तो लवकर उलटतो, म्हणून यात ट्रान्सप्लांट करत नाहीत. काका मात्र आजही सांगतात, 'बहिणीने ऐनवेळी माघार घेतली' आणि 'सुई लावली म्हणून पसरला'. साफ खोटं! सुईच्या आधीच लिव्हर भरलेलं होतं. आणि दारूचं म्हणाल, तर हा कॅन्सर व्हायला दारू लागतेच असं नाही: १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत हा कॅन्सर सापडला, तो व्हिनाइल क्लोराइड या पीव्हीसी बनवायच्या रसायनामुळे. बहुतेक रुग्णांत तर कारणच सापडत नाही.

तुमचे डॉक्टर म्हणतायत तर बायोप्सी करून घ्या. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, हाही असाच गाठीशिवाय लिव्हरमध्ये पसरू शकतो, आणि त्याला केमो लागू पडू शकते. निदानच नसेल तर केमो देणार कशाच्या जोरावर?

अर्थात आपल्याकडे लिव्हर असं अचानक जातं ते बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए, ई किंवा टीबीच्या औषधांनी. कॅन्सर क्वचितच निघतो, लगेच घाबरून जाऊ नका.

लिव्हर द्यायला घरातलं कुणी पुढे आलं असेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टची एक झेरॉक्स त्याच्याकडे राहू द्या.