बिग-बोर किट पहिल्यांदाच बसवतोयस? एवढं सांभाळ

भावा, किट (बाइकच्या इंजिनात मोठा पिस्टन बसवायचा संच) आलं म्हणून लगेच इंजिन खोलू नकोस. आधी पिस्टन हातात घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत बोरिंग-होनिंगवाल्याकडे (सिलिंडर आतून मोठा आणि नीट घासून देणारा) जा. पिस्टन मोजून मगच बोर मारायला सांग, नुसता साइज सांगून काम देऊ नकोस.

घरी बसवताना:

- क्रँककेसच्या (सिलिंडरखालचा इंजिनचा डबा) तोंडात स्वच्छ फडकं कोंब. माझी सर्कलिप (पिस्टनची पिन अडकवणारी छोटी तारेची कडी) आत पडली होती. दहा मिनिटांच्या कामाला आठ दिवस लागले. जुनी सर्कलिप परत वापरू नकोस.
- रिंग एकट्याच सिलिंडरमध्ये सरकवून फीलर गेजने (पातळ मापपट्ट्या) रिंगच्या दोन टोकांमधली गॅप बघ. साधारण दर 25 मिमी बोरला 0.1 मिमी, पण किटच्या कागदावर असेल तोच आकडा धर.
- पिस्टनवरचा बाण बहुतेक एक्झॉस्टकडे. इथेही कागद बघच.
- हेडचे बोल्ट तिरपे-तिरपे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). 'हाताला अंदाज आहे' म्हणणारे मित्र चहापुरतेच ठेव.

सगळ्यात जास्त पिस्टन जातात ते कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवल्याने. हवा जास्त, पेट्रोल कमी, की इंजिन तापून जाम. मोठा मेन जेट आधीच आणून ठेव. कॅम, पोर्टिंग वगैरे सध्या डोक्यात घेऊ नकोस.

पहिल्यांदा चालू करून गरम होऊ दे, पूर्ण थंड कर, असं दोन-तीनदा. मग खानापूरच्या चिखलात घाल, एअर फिल्टर नीट बसलाय बघून.