सातवी झालेली मुलगी, अमेरिकेतली आठवी आणि गणिताचा वर्ग

दादा, नमस्कार. तुम्ही लिहिलंत की घर जुळे सोलापूरला, मुलगी सेमी इंग्रजीतून यंदा सातवी झाली, पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत जिल्ह्याच्या यादीत होती आणि धाकटा दुसरी संपवून तिसरीत जातोय. कंपनीने डॅलस किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास असे दोन पर्याय दिलेत, जुलैत निघायचंय. प्रश्न असा की तिथल्या सरकारी शाळेत हुशार मुलांसाठी काही असतं का, की मुलांचं नुकसान होईल.

असतं, आणि भरपूर असतं. पण गुणपत्रिका बघून शाळा आपणहून ते हातात देत नाही. वेळेत, लेखी आणि नेमकं मागावं लागतं. माझी मुलं डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात सरकारी शाळेतच शिकली, म्हणून टेक्सासबद्दल जास्त लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अमेरिकेत हुशार मुलांना वेगळं शिकवायलाच हवं असा देशभराचा कायदा नाही. राज्याराज्यात फरक, आणि राज्यात पुन्हा स्कूल डिस्ट्रिक्टगणिक फरक. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढं नसतं. एका शहराच्या शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था समजा. टेक्सासमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टला गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार, मुलं शोधणं आणि त्यांच्यासाठी सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात यासाठी राखून ठेवलेला वेगळा निधी 2013 मध्ये बंद झाला, त्यामुळे तिथे सगळं स्थानिक मर्जीवर. खुद्द सॅन फ्रान्सिस्को शहराने 2014 मध्ये आठवीतला अल्जिब्रा, म्हणजे बीजगणित, काढून सगळ्यांना नववीत द्यायचं ठरवलं होतं. पालक वर्षानुवर्षं भांडले, आणि मार्च 2024 मध्ये मतदारांनी तो आठवीत परत आणावा असा कौल दिला. आसपासच्या गावांत तेव्हाही वेगळे नियम होतेच. म्हणून "कॅलिफोर्निया चांगलं की टेक्सास" असं न विचारता "या पत्त्याला कुठली शाळा आणि तिथे कुठले विषय" असं विचारा. शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. भाडेकरार सही करण्याआधी त्या शाळांचा कोर्स कॅटलॉग, म्हणजे विषयांची यादी, वेबसाइटवर वाचा: आठवीत अल्जिब्रा 1 आहे का, हायस्कूलला कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी हे कॉलेजच्या पातळीचे विषय आहेत का. एवढं पाहिलं तरी शाळेचा बराच अंदाज येतो.

आता मुलीचं. तुमचा सगळा जोर इथे लावा. आपल्याकडे सातवी झालेलं मूल तिथे ऑगस्टमध्ये आठवीतच बसतं, इयत्तेचं गणित सरळ आहे. अडचण विषयाच्या गणितात आहे. तिथे आठवीत अल्जिब्रा 1 घेतलं तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा 2, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस अशी ओळ लागते. आठवीत साधं गणित मिळालं की ही सगळी ओळ एक वर्ष मागे सरकते. पुढे उन्हाळ्यात कोर्स घेऊन किंवा एका वर्षी दोन विषय घेऊन भरून काढता येतं, पण नव्या देशात पहिल्याच वर्षी तो ताण कशाला?

टेक्सासने 2023 मध्ये कायदा केला की पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या 40 टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप प्रगत गणितात घालायचं, म्हणजे ती आठवीत अल्जिब्रापर्यंत पोचतात. तुमच्या मुलीने ती परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे तिचं आपोआप काहीच होणार नाही. प्रवेश देणाऱ्या बाई चांगल्या मनाने तिला साध्या आठवीत बसवतील, "आधी रुळू दे" म्हणतील. तिथे नम्रपणे पण ठाम राहा. मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करा, प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी, मागा. टेक्सासमध्ये एखाद्या विषयाची परीक्षा थेट देऊन क्रेडिट, म्हणजे तो विषय पूर्ण झाल्याची नोंद, मिळवण्याचीही सोय आहे, त्यात 80 टक्के लागतात. पण ती वर्षातून ठराविक काळातच होते, म्हणून तारखा सोलापुरात असतानाच विचारून ठेवा.

तिची तयारी किती आहे, तेही सांगते. बालभारतीच्या सातवीच्या गणितात बैजिक राशी, वर्गविस्ताराची सूत्रं, घातांक आणि पायथागोरसचा सिद्धांत आहे. पायथागोरस तिथे आठवीत येतो. म्हणजे ती काही बाबतीत पुढेच आहे. कमी पडेल ते आलेखात. टेक्सासमधली मुलं सातवीतच वाय बरोबर एमएक्स अधिक बी हे समीकरण बघतात आणि आठवीत रेषेचा चढ, म्हणजे स्लोप, काढतात. आपल्याकडे रेषीय समीकरणांचे आलेख त्यापेक्षा उशिरा येतात. मे-जूनमध्ये रोज थोडा वेळ एवढंच करून घ्या: आलेख, स्लोप, आणि फूट-इंच-पौंड-गॅलन यांची उदाहरणं. सेमीमुळे इंग्रजी संज्ञा तिला माहीत आहेत, हा फार मोठा फायदा आहे. गणितासाठी दुसरा क्लास लावायची गरज मला दिसत नाही. त्याऐवजी इंग्रजीत तोंडी समजावून सांगायचा सराव द्या, कारण तिथे नुसतं उत्तर चालत नाही, ते कसं आलं हे वाक्यात लिहावं लागतं.

धाकट्याचं प्रकरण सोपं आहे. गिफ्टेड म्हणून निवड बहुधा प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्षांत होते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये कॉगॅट नावाची चाचणी घेतात: शब्द, संख्या आणि आकृत्या असे तीन भाग. आकृत्यांचा भाग आपल्या शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या घरातलाच आहे. टेक्सासमध्ये एका चाचणीवर निर्णय होत नाही, शिक्षकांचं निरीक्षण आणि इतर पुरावेही धरतात. पालक स्वतः मुलाचं नाव सुचवू शकतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. अर्जाची मुदत चुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. आणि निवड नाही झाली तर मनाला लावून घेऊ नका. प्राथमिकला या कार्यक्रमाचा अर्थ बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले थोडे तास वेगळे प्रकल्प इतकाच असतो. त्या शिक्क्यापेक्षा सहावीत गणिताचा कुठला वर्ग मिळतो, याला मी दसपट महत्त्व देते.

प्रवेशाच्या वेळी घरातल्या भाषेचा फॉर्म भरायचा असतो. ओळखीचे लोक सल्ला देतील, इंग्रजी लिहून टाका. तसं करू नका. आपल्या सोलापुरात आजी कन्नड, आई मराठी, शेजार तेलुगू असं अनेक घरांत असतं; जे खरं तेच लिहा. मग मुलांची इंग्रजीची चाचणी होईल. गरज दिसली तर मदतीचा वर्ग सुचवतील, त्याला तुमची संमती लागते. त्या वर्गात असलेल्या मुलाला गिफ्टेड किंवा प्रगत वर्ग नाकारायचं कारण नाही. कोणी तसं म्हणालं तर लेखी कारण मागा.

हायस्कूलला नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण कॉलेजकडे जातात, आपल्या दहावी-बारावीसारखा एका परीक्षेवर खेळ नसतो. एपी म्हणजे शाळेत बसून घेतलेले कॉलेजच्या पातळीचे विषय. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा होते, गुण 1 ते 5, फी विषयाला साधारण शंभर डॉलर. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत बऱ्याच विषयांना 3 गुणांवरही क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे फी आणि वेळ दोन्ही वाचतात. दुसरा रस्ता ड्युअल क्रेडिट, स्थानिक कम्युनिटी कॉलेजचा कोर्स शाळेत असतानाच घ्यायचा. स्वस्त आहे, पण त्यातले गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत बसतात, म्हणून मूल तयार असेल तरच.

टेक्सासची एक खास गोष्ट. 1997 च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या 10 टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो; ऑस्टिनच्या विद्यापीठाची अट त्याहून कडक आहे. क्रमांक ठरतो एपीला जादा वजन देणाऱ्या गुणांवर. त्यामुळे आपले लोक जिथे गर्दी करून राहतात त्या शाळांत मुलं दरवर्षी पाच-सहा एपी घेऊन रात्र रात्र जागतात. मी हे जवळून पाहिलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. सगळ्यांत नावाजलेल्या शाळेच्या हद्दीत महागडं घर घेण्यापेक्षा, हवे ते विषय असलेली पण जरा निवांत शाळा तुमच्या मुलीला जास्त मानवेल. तिला आवडतात ते विषय एपीने घेऊ दे, बाकीचे साधे राहिले तरी बिघडत नाही. नव्या भाषेत मैत्रिणी जोडायलाही तिला वेळ हवा.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि शिष्यवृत्तीचं प्रमाणपत्र घ्या. जे मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. गणिताच्या सरांकडून शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजी पत्र आणा, "हुशार आहे" असं नको, कुठले धडे झाले आणि त्यात ती कशी होती ते हवं. सातवीच्या पुस्तकाची इंग्रजी माध्यमाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर मिळते, तिची अनुक्रमणिका छापून जोडा. काउन्सेलरला "मॅथेमॅटिक्स 94" यातून काही कळत नाही, अनुक्रमणिकेतून कळतं. लसींची नोंदही पाहा. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला असते, गालगुंडाची नसते. टेक्सासला ती लागते, तसंच हेपटायटिस ए. सोलापुरातच देऊन टाकलीत तर ऑगस्टमध्ये धावपळ वाचेल.

डॅलस की कॅलिफोर्निया हे ठरलं आणि दोन-तीन घरांचे पत्ते हातात आले की कळवा. डिस्ट्रिक्टचं नाव कळलं की कोर्स कॅटलॉग मी बघून देते, आणि काउन्सेलरला पाठवायच्या ईमेलचा मसुदाही आपण मिळून करू.