मी जाड आहे. कशासाठीही गेले तरी डॉक्टर न तपासता 'आधी वजन कमी करा' म्हणतात. न भांडता त्यांना कसं सांगावं?

न भांडता मला तरी जमलं नाही, हे आधीच सांगते.

माझ्या दंडाचं माप अठरा इंच. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या वहीत ते कधीपासून लिहिलेलं आहे, त्यांनी त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. दवाखान्यात मात्र बीपीचा पट्टा जेमतेम गुंडाळला गेला आणि हवा भरताच वेलक्रो चर्रकन सुटला. सिस्टरनी तो हाताने दाबून धरून पुन्हा फुगवला. बीपी 158/98. मी विचारलं, "मोठा पट्टा नाही का?" डॉक्टर माझ्याकडे न बघता शेजारी बसलेल्या माझ्या दादाला म्हणाले, "यांना भात बंद करायला सांगा." मी एकेचाळीस वर्षांची बाई, तिथेच बसले होते हो!

बाहेर आल्यावर स्कूटरला किक मारता मारता दादा म्हणाला, "डॉक्टरांपुढे शहाणपणा कशाला करतेस?"

गोळी सुरू झाली. दोन-तीन आठवड्यांत ओट्याशी उभी असले की डोळ्यापुढे अंधारी यायला लागली. परत गेले तर उत्तर तेच, वजन. मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तिथल्या एका वयस्कर सिस्टरना सहज म्हटलं, माझंही बघता का. त्यांनी दंडाकडे एकदा बघितलं आणि न बोलता आतून मोठा पट्टा आणला. 116/72. दुसऱ्या डॉक्टरांनी आठवडाभर मोठ्याच पट्ट्याने बीपी बघितलं आणि गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं. त्यात नवीन काही नाही. 2023 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी मोजून दाखवलं: ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त येतो. मग कितीजणी माझ्यासारख्या उगाच गोळ्या गिळत असतील?

म्हणून तुम्ही घरीच टेपने दंड मोजा. 34-35 सेंटिमीटरच्या वर असेल तर बीपी घेण्याआधीच मोठा पट्टा मागा, नंतर नको. 'वजन कमी करा' म्हटलं की विचारा, "हीच तक्रार बारीक बाईला असती तर कोणती तपासणी सांगितली असती?" मी विचारते. चेहरे बघण्यासारखे होतात. केसपेपरवर तुमची मूळ तक्रार लिहायला लावा. रिपोर्टच्या प्रती मागणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी नर्सिंग होममध्ये रुग्णहक्क सनद लावावी लागते, भिंतीवर शोधा. आणि सोबत कुणाला न्यायचं तर तुमच्या बाजूने बोलणारं माणूस न्या. भाऊ नको.

हो, हे राहिलंच. हे वाचून गोळ्या मनाने बंद करू नका. वजनाने बीपी वाढतं हेही खरं, आणि मोठ्या पट्ट्यानेही तुमचं जास्तच निघू शकतं.

दादाला मी दोन्ही पट्ट्यांच्या बीपीचे कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. बराच वेळ बघून म्हणाला, "पण बारीक असतीस तर लहान पट्टा पुरला असता ना?"

गेल्या दिवाळीत त्याच्या दंडाला टेप लावला. सदतीस सेंटिमीटर.