कायरोप्रॅक्टिक आलं कुठून आणि त्याने खरंच गुण येतो का?

तीन आठवडे कंबर धरलीय, कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्याकडे, जावं का, ही पद्धत निघाली कुठून, आणि 'सगळे आजार मणक्यातूनच सुरू होतात' म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. दोन वर्षांपूर्वी बादली उचलताना कंबरेत उसण भरली आणि तोंडापुरतं भोक असलेल्या त्या टेबलावर मीही पालथा पडलो, माझा अधिकार तेवढाच. वाचन नंतर केलं. खरं तर आधी करायला हवं होतं.

सुरुवातीची गोष्ट मजेशीर आहे. 18 सप्टेंबर 1895, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट. मूळचा कॅनडाचा डॅनियल डेव्हिड पामर तिथे 'चुंबकीय उपचार' करायचा, म्हणजे हातातल्या शक्तीने रोग बरे करतो म्हणायचा. त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्डला 17 वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. अवघडून वाकलो तेव्हा पाठीत काहीतरी कट्कन वाजलं आणि कान गेले, असं त्याने सांगितलं. पामरने पाठ चाचपली, वर आलेला एक मणका हाताने दाबला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं. हे झालं पामरचं म्हणणं. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळंच सांगितलं: बाहेर विनोद चालला होता, पामरला तो आवडला, आणि त्याने हसत हसत हातातल्या पुस्तकासकट लिलार्डच्या पाठीवर थाप मारली! खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून ती जातच नाही. पायाचा दगडच असा बसलाय.

ग्रीक भाषेतले 'हात' आणि 'कृती' हे शब्द जोडून नाव सुचवलं ते सॅम्युअल वीड या पाद्र्याने. 1897 मध्ये पामरने शिकवणी सुरू केली. मणके जागचे हलले की मज्जातंतूंवर दाब येतो आणि 95 टक्के आजार त्यातून होतात, हा त्याचा सिद्धांत. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून 1906 मध्ये त्याला तुरुंगातही जावं लागलं. पद्धतीचा प्रसार केला तो त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने, त्याला धंद्याची नस बापापेक्षा जास्त कळली होती. 1913 मध्ये कॅन्सस राज्याने परवान्याचा कायदा केला. लुइझियानाने मात्र 1974 पर्यंत वाट पाहायला लावली.

पुढे एक खटला झाला, त्याचा दाखला तुम्हाला जाहिरातींत हमखास मिळेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवायला मनाई केली होती. चेस्टर विल्क हा कायरोप्रॅक्टर आणि त्याचे सहकारी 1976 मध्ये कोर्टात गेले आणि 1987 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तो निकाल स्पर्धा मोडून काढण्याबद्दल होता. उपचाराने रोग बरे होतात, असं कोर्टाने म्हटलेलं नाही.

आता फायद्याचं. टेबलावर मला एका कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पोटाशी घ्यायला लावला, खांदा मागे आणि कंबर पुढे अशी पिळली आणि एक छोटा, झटपट धक्का दिला. कडाड्! मला वाटलं, बसलं हाड जागेवर. तसं काही नसतं. आपण बोटं मोडतो तोच हा आवाज. सांध्याच्या दोन्ही बाजू झटक्यात दूर जातात, आतल्या वंगणासारख्या द्रवातला दाब एकदम कमी होतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. 2015 मध्ये बोट ओढत एमआरआय काढला, तेव्हा हे पडद्यावर दिसलं. कडाड् झालं म्हणून गुण आला असं नाही, नाही झालं म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही.

मला उठल्यावर हलकं वाटलं, वाकता आलं. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं. दोन आठवड्यांत मोकळा झालो, पण नुसता हिंडत-फिरत राहिलो असतो तरी झालो असतो का? बहुधा हो. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. कंबरदुखीपुरतं बोलायचं तर पुरावा बरा आहे, डोळे दिपवणारा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत शेक आणि मालिशीसोबत मणक्यांचा हा उपचारही धरला. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं तो व्यायामाच्या जोडीनेच करा म्हणतात. दमा, कानाचे आजार, बाळाचं रडणं यांसाठी मात्र जाऊ नका. दम्याच्या मुलांवर 1998 मध्ये नीट चाचणी झाली, त्यात खोट्या उपचारापेक्षा काडीचाही जास्त फायदा दिसला नाही.

मानेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथे गेलात की विषय निघणारच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. मानेला झटका दिल्यावर धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित घडतं, आणि काहींची मान धमनी आधीच फाटल्यामुळे दुखत होती की काय, हा वादही आहे. मी 'मानेला हात लावू नका' असं आधीच सांगितलं होतं. माझ्या कायरोप्रॅक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ऐकलं.

लघवी अडकतेय, मांड्यांच्या आतला भाग बधिर झालाय, पायातली ताकद गेलीय, ताप आहे, किंवा पडल्यापासून दुखतंय, यातलं काहीही असेल तर टेबलाचा विचार सोडा आणि आजच डॉक्टर गाठा. यातलं काही नसेल तर दोन-चार वेळा करून बघायला माझी हरकत नाही. मला पहिल्याच दिवशी एक्स-रे दाखवून 'मणके वाकडे आहेत, वर्षभर यावं लागेल, पैसे आधी भरा' असं सांगितलं होतं. मी तीन वेळा गेलो, चौथ्यांदा नाही. त्यांनीच शिकवलेला पुलासारखा कंबर उचलायचा व्यायाम मात्र अजून रोज करतो.